बसमधून वाहक उतरवला, तर त्याचं काम कुठे जातं?

बिल्लाधारी_कळवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी तेवीस वर्षं बसवर वाहक आहे. राहायला कळव्याला. कुठल्या परिवहन उपक्रमात आहे ते लिहीत नाही. आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात चार-पाच उपक्रमांच्या गाड्या फिरतात, त्यातला एक समजा.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'युनियनवाले "हे माझं काम नाही" एवढंच शिकवतात, म्हणून बससेवा बुडाली.' मला ते फार लागलं. आम्ही दीड वर्ष भांडलो ते 'हे काम आमचं आहे' एवढ्याचसाठी. ग्रुपवर एवढं लिहिता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

२०२४ चा जून. शाळा उघडण्याचा आठवडा. पहाटे पाचला ड्युटी घ्यायला गेलो तर बोर्डाशेजारी नवं परिपत्रक चिकटवलेलं. 'प्रशासकीय सोयीसाठी' अशी सुरुवात. पुढे लिहिलं होतं की गर्दीच्या दोन मार्गांवरच्या गाड्या पुढच्या सोमवारपासून वाहकाविना धावतील आणि त्या मार्गांवरचे वाहक थांब्यावर उभे राहून तिकिटं देतील. त्यांच्या वेळा सकाळी ७ ते १०, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ८. शिवाय चौकीवर गाड्यांच्या वेळा नोंदवणं, रिलीफ देणं, फेरी रद्द करणं ही स्टार्टरची कामं यापुढे ठेकेदाराचा सुपरवायझर मोबाईलवर करेल. आमच्या चौकीतल्या स्टार्टर काकांची निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. त्यांनी मला ते परिपत्रक दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

आता तुम्ही म्हणाल, तिकीट बसमध्ये फाडलं काय आणि थांब्यावर फाडलं काय, फरक काय पडतो? पैसे तर जमा होतातच.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली वाहकाची व्याख्या बघा. भाडं घेणं हे त्यातलं पहिलं काम. दुसरं काम प्रवाशांच्या चढण्या-उतरण्यावर नियंत्रण ठेवणं. त्यानंतर नियमांत सांगितलेली बाकीची कामं. परिपत्रकाने पहिलं काम उचलून थांब्यावर नेलं. दुसऱ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. म्हणजे ते कुणाला न सांगता चालकाच्या गळ्यात पडलं.

एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. या दोन घंट्यांच्या मधे वाहक काय काय बघतो हे बसमध्ये बसलेल्यालाही कळत नाही. मागच्या दारात पाय टेकलाय का, पदर आत आलाय का, पोराचा हात आईच्या हातात आहे का, उतरणारा उतरला तरी त्याची पिशवी आत राहिलीय का. चालकाला आरशात दिसतं ते दाराबाहेरचं, आणि पावसात तेही नाही. चालक वाईट म्हणून नव्हे. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, पत्रे, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि समोरचा कंटेनर यातून गाडी काढायची, वर मागचं दार सांभाळायचं, हे एका माणसाचं काम नाही.

परिपत्रक लागू झालं त्याच्या नवव्या दिवशी मानपाड्याला एका आजींची साडी बंद होणाऱ्या मागच्या दारात अडकली. गाडी हलली. आतले लोक ओरडले, चालकाने ब्रेक मारला. आजींचा गुडघा फुटला, जास्त काही झालं नाही. संध्याकाळी चालकाला मेमो मिळाला. तो पोरगा रात्री माझ्याकडे आला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादा, मला मागचं दिसलंच नाही."

युनियनने आधी तोंडी बोलून पाहिलं. उत्तर आलं की कुणाला कुठे काम द्यायचं हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे, सेवाशर्तीत काहीच बदललेलं नाही, पगार तोच, हुद्दा तोच. आमच्यातल्या तरुणांचं म्हणणं, उद्याच गेट बंद करू. आमच्या सेक्रेटरींनी ते होऊ दिलं नाही. त्या वेळी मलाही त्यांचा राग आला होता. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही कामी आल्या.

पहिली, वही. प्रत्येक वाहकाने आणि चालकाने रोज लिहायचं: कुठल्या थांब्यावर, किती वाजता, काय घडलं. विशेषणं नकोत, नुसती वेळ आणि घटना. दार, पडणं, बिनतिकीट, वाद, सुटलेले प्रवासी, रद्द झालेली फेरी आणि ती कुणी रद्द केली. दोन महिन्यांत सात वह्या भरल्या.

दुसरी, कपाट. युनियन ऑफिसच्या लोखंडी कपाटात जुने करार शोधायला सुरुवात केली. जो हवा होता तोच नव्हता. शेवटी युनियनचे एक निवृत्त कारकून, कोलबाडला राहणारे, त्यांच्या घरी पोटमाळ्यावर त्याची सायक्लोस्टाईल प्रत सापडली. करार पगारवाढीचा, पण शेवटी एक जोडपत्र: कामाची विभागणी. त्यात वाहकाची आणि वाहतूक नियंत्रकाची, म्हणजे स्टार्टरची, कामं एकेक करून लिहिलेली, आणि खाली ओळ, की यात बदल करायचा तर आधी युनियनशी चर्चा करावी. तळाला दोन्ही बाजूंच्या सह्या. ज्यांनी ती ओळ घालून घेतली त्यातले बरेच आज नाहीत. मी ती प्रत हातात धरली तेव्हा मला भरून आलं, हे लपवत नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, हात दुखायला लागला.

---

पातलीपाडा_रहिवासी

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मी रोजचा प्रवासी म्हणून दुसरी बाजू मांडतो. पातलीपाड्याहून स्टेशनला जायला सकाळी कधी सव्वा तास, कधी दीड तास. आता अर्धी बस मोबाईलवर तिकीट काढते, बाकीच्यांकडे पास. मग एका गाडीवर दोन पगार कशासाठी? त्याच पैशात आणखी एक गाडी सोडली तर मला जास्त उपयोग आहे. वाहक असूनही गर्दीत तो पुढून मागे येईपर्यंत माझा थांबा येतो.

---

निवृत्त_स्टार्टर

वाहकाबद्दल बाकीचे बोलतील. मी चौकीबद्दल सांगतो, कारण ते काम कुणाला दिसत नाही आणि म्हणूनच ते आधी जातं.

मी सॅटिस पूल व्हायच्या आधीपासून ठाणे स्टेशनबाहेर चौकीत बसलो आहे. स्टार्टर म्हणजे वेळ लिहिणारा माणूस असा लोकांचा समज. वेळ लिहिणं हा त्यातला सोपा भाग. लोकल खोळंबल्या की पाच मिनिटांत चौकीपुढे हजार माणूस. तेव्हा लोकमान्यनगरची गाडी आधी काढायची की कळव्याची, कुठली फेरी अर्ध्यातून फिरवायची, कुठल्या चालकाचे आठ तास होत आले, कुणाच्या घरी मयत झालंय म्हणून त्याला आधी सोडायचं, हे त्या क्षणी ठरवावं लागतं. आणि जो ठरवतो त्याला लोकांसमोर उभं राहावं लागतं. मोबाईलवरचा सुपरवायझर लोकांसमोर उभा नसतो.

आता मुद्द्याचं. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना पैसे मिळतात किलोमीटरवर. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, उपक्रम दर किलोमीटरला ठरलेली रक्कम देतो. अशा वेळी गाडी किती वाजता सुटली, फेरी पूर्ण झाली की अर्ध्यात सोडली, हे लिहिणारा माणूस उपक्रमाचाच हवा. घेणाऱ्याच्याच हातात माप देऊन कसं चालेल? मी कुणाला चोर म्हणत नाही. पण माप तटस्थ माणसाच्या हातात असावं, ही साधी गोष्ट आहे. स्टार्टरची खुर्ची गेली की हे मापच जातं, आणि त्याचे पैसे करदात्याच्या खिशातून जातात. पातलीपाडावाले साहेब, तुमची ती जास्तीची गाडी या मापात अडकलेली आहे.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आम्हाला नोकरीला लागल्यावर ही दोन्ही नावं सांगितली होती, जोडीनेच.

---

ऐरोली_रात्रपाळी

रात्री पावणेबाराच्या बसने ऐरोलीहून विटाव्यामार्गे घरी येते. बसमध्ये चार-पाच माणसं. त्यात बहुतेक वेळा मी एकटीच बाई. वाहक दिसला की मी मागे बसते, नाही दिसला तर चालकाच्या मागच्या सीटवर पर्स मांडीवर घट्ट धरून. एवढंच सांगायचं होतं. मोबाईलवरचं तिकीट मला दारूड्यापासून वाचवत नाही.

---

बिल्लाधारी_कळवा

पातलीपाडा दादा, तुमचा राग रास्त आहे. गर्दीत मी वेळेत पोचत नाही हे खरं. पण थांब्यावरच्या तिकिटाने तुमचा वेळ वाचला का, ते आमच्या वहीत आहे. कासारवडवलीला पावसात तिकिटाची रांग रस्त्यावर आली, गाडी उभी राहिली, मागे ट्रॅफिक. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते तसेच चढले. मधल्या थांब्यांवर वाहकच नव्हता, तिथे चढणाऱ्याने करायचं काय? चालकाने गाडी चालवता चालवता पैसे घ्यायचे? काही ठिकाणी तसं झालंही. उरलेल्यांनी फुकट प्रवास केला आणि महिनाअखेरीस 'या मार्गाचं उत्पन्न घटलं' असा शेरा आला. हा शेरा पुढे मार्ग बंद करायला वापरतात, हे मी दोनदा पाहिलंय.

सवलतींचंही तसंच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासून मोफत. आमच्याकडेही सवलती आहेत. कार्ड बघणारा, आजोबांना 'बसा, घाई नको' म्हणणारा माणूस बसमध्ये लागतो. मशीन मोबाईलवाल्याचं तिकीट काढतं. गावाहून आलेली बाई 'सिव्हिलला कुठे उतरू' असं मशीनला विचारत नाही.

ऐरोलीताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गेट मीटिंगला वाचून दाखवू का? नाव येणार नाही.

---

ऐरोली_रात्रपाळी

जरूर वाचा.

---

कलमदान

मी कामगार कायद्याचं काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. धागाकर्त्याच्या सेक्रेटरींनी गेट बंद केलं नाही हे फार शहाणपणाचं होतं.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९अ प्रमाणे सेवाशर्तीत बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. पण कुठलाही बदल नव्हे, चौथ्या अनुसूचीत दिलेले विषयच. आणि तिथे 'कामाचं स्वरूप' असा सरळ शब्द नाही. त्यामुळे 'वाहकाला थांब्यावर उभं केलं, हा नुसता कामाचा बदल' असं व्यवस्थापन म्हणू शकतं, आणि भाबडी युनियन तिथेच हरते. मात्र त्याच अनुसूचीत कामाचे तास व विश्रांती, पाळ्यांमधला बदल आणि कामगारांच्या संख्येतली घट हे विषय आहेत. लढाई तिथून लढायची असते.

परिपत्रकातल्या वेळा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ७ ते १०, १२ ते २, ५ ते ८. बेरीज आठ तास, दिसायला निर्दोष. पण मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाचं काम दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडता येत नव्हतं, आणि विश्रांती धरून सगळा पसारा बारा तासांच्या आत बसवावा लागे. इथे तुकडे तीन आणि पसारा तेरा तास. हे तुमच्या लोकांच्या लक्षात आलं होतं का?

जुन्या कराराचं म्हणाल तर महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. करार, निवाडा किंवा समझोता न पाळणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा आहे. त्याची तक्रार औद्योगिक न्यायालयात करता येते. तेव्हा पोटमाळ्यावर सापडलेला तो कागद दहा मोर्च्यांच्या तोडीचा.

---

बिल्लाधारी_कळवा

कलमदान साहेब, तीन तुकड्यांचं आमच्या वकिलांनीच दाखवलं. आम्ही दोन आठवडे ती ड्युटी करत होतो, पाय सुजत होते, पण ती बेकायदा आहे हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. दुपारी दोन ते पाच कुठे जायचं? कळव्याला घरी जाऊन परत येण्यात दोन तास. मी गावदेवी मैदानाच्या कडेला पेपर अंथरून बसायचो.

पहिली माघार तिथेच झाली. तीन तुकड्यांची ड्युटी आठवडाभरात कागदावरून गेली. पुढे कामगार आयुक्तालयात समेटाच्या बैठका, करारभंगाची तक्रार, तारखा. वहीतली मानपाड्याची नोंद आणि चालकाचा मेमो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पलीकडचे अधिकारीही बराच वेळ गप्प होते. त्या चालकाचा मेमो मागे घेतला. शेवटी वाहक दोन्ही मार्गांवर बसमध्ये परत आला. गर्दीच्या वेळी सुरुवातीच्या थांब्यावर रांगेतच तिकीट द्यायला एक जादा वाहक ठेवायचा, ही त्यांची मागणी आम्ही मान्य केली, कारण ती चांगली होती. पातलीपाडा दादा, ती सूचना प्रवाशांकडूनच आली होती.

स्टार्टरचं मात्र अजून लटकलंय. काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी नेमलं नाही. सुपरवायझर मोबाईल घेऊन उभा असतो. आमचे वाहक स्वतःच्या वहीत वेळ लिहितात.

---

टेम्सकाठचा_ठाणेकर

चरईत वाढलो, सध्या लंडनला. इथे बसमधले कंडक्टर कधीच गेले. मागून उघड्या असणाऱ्या जुन्या लाल बस नेहमीच्या मार्गांवरून डिसेंबर २००५ मध्ये बंद झाल्या. पण रेल्वेत हाच वाद २०१६ मध्ये पेटला. दक्षिणेकडच्या एका कंपनीला दारं उघडण्या-लावण्याचं काम गार्डकडून काढून चालकाला द्यायचं होतं. युनियनने लांबच लांब संप केले. वादाचं मूळ हेच, की दार कोण लावणार. तुमचा धागा वाचताना तेच आठवत होतं.

---

ठेक्यावरचा_वाहक

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

मी ठेकेदाराकडे वाहक आहे. सहा वर्षं. बिल्ला माझ्याकडेही आहे, मशीन तेच, घंटी तीच, शिव्याही त्याच. पगार तुमच्या निम्म्याच्या आसपास. कॅश कमी आली की माझ्याकडून भरून घेतात. मेमो नाही, चौकशी नाही, 'उद्यापासून येऊ नको' एवढंच. तुमच्या त्या जोडपत्रात वाहकाचं काम लिहिलंय, त्या वाहकात मी येतो का? तुम्ही तुमचं काम वाचवलंत, चांगलं केलंत. पण तुमच्या गेट मीटिंगला आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ऐकतो. आम्हाला कुणी आत बोलावलं नाही. उद्या तुमच्या जागी आणायला आम्हीच तयार आहोत असं ते तुम्हाला सांगतात, आणि तुमच्यासारखं मागाल तर दुसरे आणू असं आम्हाला सांगतात.

---

निवृत्त_स्टार्टर

पोरा, तू बोललास ते बरोबर आहे. आमच्या पिढीची ही चूक आहे. पहिले ठेक्यावरचे वाहक आले तेव्हा आम्ही म्हटलं, 'ते आपले नाहीत.' चौकीत त्यांना पाण्याचा माठसुद्धा वेगळा ठेवणारे आमच्यात होते. ते तेव्हाच आपले म्हटले असते तर आज माझी खुर्ची रिकामी नसती.

---

कलमदान

ठेक्यावरचा_वाहक, खोटी आशा दाखवत नाही. ठेका पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. पण ठेका निव्वळ कागदी आणि खरा ताबा मूळ मालकाचाच असेल, तर ते न्यायाधिकरणापुढे सिद्ध करता येतं. तुमची ड्युटी कोण लावतं, रजा कोण देतं, मशीन कुणाचं, कॅश कुठल्या खिडकीवर भरता, याच्या नोंदी ठेवा.

बाकीच्यांनीही ध्यानात घ्या: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मी वर सांगितलेले १९४७ आणि १९६१ चे कायदे त्यांत गेले. बदलाची २१ दिवसांची नोटीस औद्योगिक संबंध संहितेत टिकली आहे. पण संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच आस्थापनांना आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरतात. 'सगळे एकदम सिक मारू' हा जुना मार्ग कुणी सुचवला तर आधी वकिलाला विचारा.

---

पातलीपाडा_रहिवासी

माझं मत थोडं बदललं. पूर्ण नाही. मला अजूनही वाटतं की उपक्रमाकडे पैसा कमी आहे आणि कुठेतरी काटकसर करावीच लागेल. पण काटकसर मागच्या दारापासून सुरू होते आणि माप घेणाऱ्याच्या हाती जातं, हे मी पाहिलं नव्हतं. स्टार्टरच्या जागेसाठी प्रवाशांच्या सह्या हव्या असतील तर आमच्या तीन इमारतींच्या मी आणतो.

---

बिल्लाधारी_कळवा

हव्या आहेत. सह्यांसोबत कुठल्या थांब्यावर, किती वाजता बस आली नाही, तेही प्रत्येकाने लिहावं. विशेषणं नकोत, वेळ आणि घटना.

ठेक्यावरच्या दादा, तुझा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. त्या जोडपत्रात तू येत नाहीस. ते झालं तेव्हा ठेक्यावर कुणी नव्हतंच. म्हणून पुढच्या मागणीपत्रात 'उपक्रमाच्या बसमध्ये वाहकाचं काम करणारी प्रत्येक व्यक्ती' अशी ओळ घालावी असं मी आज सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, कार्यकारिणीत विरोध होईल. होऊ दे, मी बोलेन. मंगळवारी दुपारी चारला युनियन ऑफिसात ये. सहा महिन्यांच्या पगारपावत्या असतील तर आण, नसतील तर बँकेचं पासबुक आण. तुझ्यासारखे आणखी जे आहेत त्यांनाही आण. कोरी वही मी आणतो.

---

ठेक्यावरचा_वाहक

मंगळवारी माझी दुसरी पाळी आहे. बुधवारी चालेल का? आम्ही अकरा जण आहोत.

---

बिल्लाधारी_कळवा

बुधवारी चार. अकरा वह्या आणतो.